पॉलिहाऊसमधील टोमॅटोसाठी कंपन-कांडी : एका हंगामाच्या वापरानंतर

पॉलिहाऊसला बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी लावली की पांढऱ्या माशीला अटकाव होतो, परंतु भुंगे आणि वाराही बाहेरच राहतात आणि टोमॅटोची फुलगळ सुरू होते. त्यासाठी आमच्या चेरी टोमॅटोच्या प्लॉटकरिता आम्ही बॅटरीवर चालणारी परागीभवनाची कंपन-कांडी मागवली.

टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असल्याने पराग दुसरीकडून आणावा लागत नाही. मात्र परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची पिवळी नळी झालेली असते आणि फूल चांगले थरथरल्याशिवाय पराग मोकळा होत नाही. भुंगा फुलाला लटकून अंगाच्या कंपनाने तो झाडून काढतो. मधमाशीला हे साधत नाही, म्हणून टोमॅटोसाठी मधपेटी ठेवून फारसा लाभ होत नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाळीव बंबलबी (भुंग्यासारखी केसाळ माशी) वापरात येईपर्यंत तेथील बागाईतदारही अशाच कांड्या घेऊन ओळीओळीने फिरत असत.

कांडीचे काम उत्तम आहे. घोसाच्या देठाला टोक क्षणभर टेकवले आणि खाली काळा कागद धरला, तर त्यावर पिवळी भुकटी पडलेली स्पष्ट दिसते. पूर्वी घोसाच्या शेंड्याकडील फुले गळून जात. आता तीही धरतात आणि फळे भरीव, एकसारखी येतात. वेळ मात्र सांभाळावी लागते. सकाळचा दमटपणा ओसरल्यावर, साधारण दहा ते एक या वेळेत, एक दिवसाआड फिरावे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना परागाचे गोळे होतात आणि तापमान ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर पराग निकामी होऊ लागतो. अशा दिवशी कांडी कितीही फिरवली तरी फळधारणा वाढत नाही.

क्षेत्र मोठे असेल तर मजुरीचा हिशेब बसणे कठीण आहे. तेथे आधाराच्या तारा काठीने ठोकणे किंवा ब्लोअरची हवा सोडणे परवडते. पॉलिहाऊसमधील काकडीचे वाण बहुधा परागाविना फळ धरणारे असतात, त्यामुळे काकडीसाठी ही खरेदी करू नये.

माझी खरी तक्रार टोकाबद्दल आहे. त्यावर चिकटवलेला स्पंज काढता येत नाही आणि सोबतच्या माहितीपत्रकात टोक थेट फुलालाच लावण्यास सांगितले आहे. त्याने फुलाला इजा होते. शिवाय टोमॅटोचा मोझॅक विषाणू औजाराला लागलेल्या रसातून झाडाझाडांवर पसरतो आणि स्पंज नीट निर्जंतुक होत नाही. पिकाच्या दृष्टीने हा दोष गंभीर आहे. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी गुळगुळीत, पुसता येणारे टोक असलेलीच कांडी निवडावी, मग तिची किंमत थोडी अधिक असली तरी चालेल.