जखमी पक्ष्यांसाठीचे तयार बचाव किट: कॅरियर ठेवा, सिरिंज काढून टाका

जखमी पक्षी हाती लागला की पहिल्या काही तासांत करण्यासारखी कामे तीनच असतात. त्याला अंधारात ठेवायचे, उबेत ठेवायचे आणि होईल तितक्या लवकर पुनर्वसन केंद्रात किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे पोचवायचे. ऑनलाइन मिळणारे तयार बचाव किट या तीन कामांना किती उपयोगी पडते, एवढ्याच कसोटीवर ते तपासायला हवे. इथे पाहिलेल्या किटमध्ये घडीचा कापडी कॅरियर, यूएसबीवर चालणारे हीटिंग पॅड, टर्किश टॉवेल, जाड चामडी हातमोजे, स्वतःलाच चिकटणाऱ्या बँडेजचे रोल, गॉज, हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली, रक्त थांबवणारी पावडर, ५ मिलीच्या दोन सिरिंज, इलेक्ट्रोलाइटची पाकिटे आणि एक सूचनापत्रक आहे. कॅरियर आणि पॅड कामाचे आहेत. टॉवेल आणि हातमोजे बदलावे लागतील. सिरिंज आणि पेरॉक्साइड मात्र किटमध्ये असायलाच नको होते.

कॅरियरपासून सुरुवात करू, कारण किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. मापे साधारण ४० × ३० × ३० सेंमी, म्हणजे कबूतर, कावळा किंवा मध्यम आकाराचे घुबड नीट मावते. पक्ष्याला उभे राहता यावे, वळता यावे, पण पंख पूर्ण उघडता येऊ नयेत, हे योग्य माप. जागा जास्त मिळाली की तो फडफडतो आणि मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येऊ शकते. चिमणीएवढ्या पक्ष्याला हा कॅरियर फार मोठा होतो, गाडीच्या धक्क्यांनी तो आत लोळत राहतो. अशा वेळी १५ × १५ × २० सेंमीचा पुठ्ठ्याचा खोका कॅरियरच्या आत ठेवावा. बगळ्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्यांसाठी हा कॅरियर वापरूच नये. त्यांचे पाय बराच वेळ दुमडून राहिले की स्नायूंना इजा होते आणि पंखाची जखम बरी झाली तरी पक्षी पुन्हा उभा राहत नाही. त्यांना उभे राहता येईल एवढा उंच खोकाच लागतो.

दार वरून उघडते, ही या कॅरियरची खरी जमेची बाजू. समोरून उघडणाऱ्या पिंजऱ्यात हात घातला की पक्षी फटीतून निसटतो. वरून मात्र त्याच्या पाठीवर कापड टाकून दोन्ही पंख अंगाशी धरूनच उचलता येते. झिप बारीक दातांची आहे, त्यामुळे बंद करताना शेपटीची पिसे आत सरकवून घ्यावी लागतात. एखादे पीस झिपमध्ये अडकले आणि पक्षी झटकला, तर ते मुळापासून उपटले जाते. दोन बाजूंना दिलेली जाळी ही या कॅरियरची मोठी उणीव. जाळीतून उजेड येतो, माणसे दिसतात आणि पक्षी त्याच बाजूला धडका देत राहतो. नख्याही जाळीत अडकतात. उपाय सोपा आहे: बाहेरून गडद रंगाचे सुती कापड पिनांनी लावायचे आणि तळाशी ५ सेंमीची पट्टी हवेसाठी उघडी सोडायची. तारेच्या पिंजऱ्यापेक्षा हा कॅरियर तरीही कितीतरी बरा. तारांवर आपटून शेपटीची आणि पंखांची लांब पिसे मोडतात आणि मोडलेले पीस पुढच्या पिसगळतीपर्यंत भरून येत नाही. उडता येणाऱ्या पक्ष्याला निव्वळ तेवढ्यासाठी केंद्रात महिनोन्‌महिने अडकून राहावे लागते.

तळाचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे. पक्ष्याचे पाय त्यावर दोन्हीकडे फाकतात, म्हणून खाली कापड हवेच. किटमधला टर्किश टॉवेल त्यासाठी चालत नाही, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत नख्या गुंततात आणि सोडवताना बोट मुरगळते. जुना सुती टी-शर्ट यापेक्षा कधीही चांगला. पक्ष्याला उभे राहता येत नसेल तर दुसऱ्या कापडाची गोल चुंबळ करून त्यात बसवावे, म्हणजे तो कुशीवर न कलंडता छातीच्या आधाराने सरळ बसतो. प्रवासात पाण्याची वाटी आणि बसायला दांडी, दोन्ही नकोत. वाटी सांडते, पिसे भिजतात आणि पक्षी गार पडतो.

आता सिरिंज. सूचनापत्रकात लिहिले आहे की पक्षी मिळताच इलेक्ट्रोलाइटचे पाणी सिरिंजने चोचीत थेंब थेंब सोडावे. हा सल्ला पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो. पक्ष्याची चोच उघडून पाहिली तर जिभेच्या मुळाशी एक उभी फट दिसते, प्रत्येक श्वासाबरोबर उघडणारी आणि मिटणारी. ते श्वासनलिकेचे तोंड. आपल्या घशात ते खूप आत असते आणि त्यावर झाकण असते. पक्ष्याच्या तोंडात ते अगदी पुढे असते आणि त्यावर तसे झाकण नसते. अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या जिभेवर सोडलेला थेंब सरळ त्या फटीत उतरतो. पक्षी तिथल्या तिथे गुदमरला नाही, तरी पाणी आत गेल्याने पुढे न्यूमोनिया होतो आणि तोवर केंद्रात त्याच्या पंखावर उपचार सुरू झालेले असतात.

दुसरा धोका मात्रेचा. पक्ष्याला दिवसाकाठी शरीराच्या दर किलोमागे साधारण ५० मिली द्रव लागतो, असे धरले जाते. लहान पक्ष्यांची गरज वजनाच्या मानाने जास्त असते, पण ३० ग्रॅमच्या चिमणीसाठी या हिशेबाने अख्ख्या दिवसाचे १.५ मिली होतात. किटमधली एक भरलेली सिरिंज म्हणजे तिच्या तीन दिवसांहून अधिकचे पाणी. शिवाय गार पडलेल्या पक्ष्याची पचनसंस्था मंदावलेली असते, गळ्याच्या पिशवीत गेलेले पाणी तिथेच साचते आणि उलट वर येते. म्हणूनच प्रशिक्षित माणसे ठरलेला क्रम मोडत नाहीत: आधी ऊब, मग द्रव, सगळ्यात शेवटी अन्न. द्रवही ती कातडीखाली सुईने देतात किंवा श्वासनलिकेचे तोंड टाळून थेट गळ्याच्या पिशवीत नळीने देतात. हे कौशल्य पत्रक वाचून येत नाही. दूध आणि पाव तर कुठल्याच टप्प्यावर देऊ नयेत. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही.

हीटिंग पॅड उपयोगी आहे, मात्र पत्रकात सांगितलेल्या पद्धतीने वापरू नये. पत्रक म्हणते की पॅड कॅरियरच्या आत, पक्ष्याच्या खाली ठेवा. तसे केल्यास अशक्त पक्ष्याला त्यावरून बाजूला होता येत नाही आणि पोटाची कातडी भाजते. पॅड बाहेरून, कॅरियरच्या तळाच्या फक्त अर्ध्या भागाखाली, सगळ्यात खालच्या टप्प्यावर लावायचे. मध्ये कापडाच्या दोन घड्या हव्यात. म्हणजे आत एक बाजू उबदार आणि एक साधी राहते, पक्षी हवी ती जागा घेतो. आतली हवा २८ ते ३२ अंश सेल्सिअस असावी. पक्ष्याच्या शरीराचे तापमान मुळातच ४० अंशांच्या वर असते, त्यामुळे आपल्याला सुखद वाटणारी खोली धक्क्यातल्या पक्ष्याला गारच वाटते. किटमध्ये थर्मामीटर नाही, तो वेगळा घ्यावा लागेल. पिसे फुलवून गोळा झालेला पक्षी थंडीने काकडलेला असतो; चोच उघडी ठेवून धापा टाकणारा आणि पंख अंगापासून दूर धरणारा पक्षी तापलेला असतो. काचेवर आपटून डोक्याला मार बसला असेल तर पॅड लावू नये. तिथे अंधार आणि शांतता पुरते.

बँडेज दर्जाने चांगले आहे: पिसांना चिकटत नाही, एका हाताने फाडता येते. पण ते ताणून गुंडाळायची सवय घातक ठरते. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे मधले हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छातीभोवती बँडेज आवळले किंवा मुठीत घट्ट धरले तर फुफ्फुसे शाबूत असूनही पक्षी गुदमरतो. आधी हवे तेवढे बँडेज रोलमधून सोडवून ताण घालवायचा, मग सैल गुंडाळायचे आणि छातीच्या हाडाची हालचाल दिसते आहे ना, हे पाहायचे. आपल्याकडून एवढेच व्हावे: लोंबणारा पंख त्याच्या नेहमीच्या घडीत बसवून जागेवर धरणे. तोही पोचायला बराच वेळ लागणार असेल तरच. केंद्र तासाभरावर असेल तर काहीच न बांधता अंधाऱ्या खोक्यात ठेवणे जास्त सुरक्षित. बांधलेला पंख बरेच दिवस तसाच राहिला की खांद्यापासून मनगटापर्यंतचा कातडीचा पडदा आखडतो, मग हाड जुळूनही पंख पूर्ण उघडत नाही.

रक्त थांबवणारी पावडर फक्त तुटलेल्या नखासाठी किंवा चोचीच्या टोकासाठी. उघड्या जखमेवर ती ऊतक जाळते. जखमेवर स्वच्छ गॉज धरून दोन ते तीन मिनिटे हलका दाब द्यावा. रक्त किती गेले याचा अंदाज घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या साधारण एक दशांश रक्त असते. ३० ग्रॅमच्या पक्ष्यात ते ३ मिलीच्या आसपास भरते. कापडावर सहा-सात थेंबांचे डाग दिसले तर त्याचे दहा टक्के रक्त गेले आहे. केंद्राला फोन करताना ही गोष्ट आधी सांगावी.

हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेतल्या जिवंत पेशीही मारते आणि जखम भरायला वेळ लागतो. त्याऐवजी ०.९ टक्क्याचे सलाईन ठेवावे. कुठलेही तेलकट मलम लावू नये. ते पिसांवर पसरते, पिसांची पाणी आणि थंडी अडवण्याची रचना बिघडते आणि पुढे ते धुऊन काढणे हाच एक वेगळा उपचार होऊन बसतो.

चामडी हातमोजे ससाणा, घार, घुबड यांच्यासाठी ठीक, कारण त्यांची ताकद नख्यांत असते आणि आधी पायच धरावे लागतात. बुलबुल किंवा चिमणी या मोज्यांत धरली तर बोटांना दाबाचा अंदाजच येत नाही. तिथे पातळ नायट्राइल मोजे हवेत. बगळा आणि पाणकावळा सरळ डोळ्यांवर चोच मारतात, म्हणून संरक्षक चष्मा हवा होता, तो किटमध्ये नाही. मास्कही नाही. बर्ड फ्लूच्या काळात ही त्रुटी गंभीर आहे. एकाच जागी अनेक पक्षी आजारी किंवा मेलेले दिसले तर कशालाही हात न लावता पशुसंवर्धन यंत्रणेला कळवावे. वापरानंतर कॅरियर साबणाने धुवून, १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी या मिश्रणात १० मिनिटे भिजवावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवावा. त्या वासाने पक्ष्यांच्या श्वसनमार्गाला त्रास होतो. कापडी शिवणींत घाण अडकून राहते, त्यामुळे संसर्गाची शंका असेल तिथे टाकून देता येणारा पुठ्ठ्याचा खोकाच सरस. त्याला भोके मात्र पक्षी ठेवण्याआधी, आतून बाहेर पाडावीत, म्हणजे खरबरीत कडा आत राहत नाहीत.

वजनकाटा नसणे ही किटमधली सगळ्यात मोठी कमतरता. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत अचूक काटा कबुतराएवढ्या पक्ष्याला पुरतो, चिमणीसाठी ०.१ ग्रॅमचा लागतो. रिकामा छोटा खोका ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग पक्ष्यासकट ठेवायचा. औषधाची प्रत्येक मात्रा वजनावरच ठरते, पण काटा जवळ नसेल तर वजन करण्यासाठी पक्ष्याला पुन्हा हाताळत बसू नये.

सूचनापत्रकात मांजराबद्दल एक ओळही नाही. मांजराच्या तोंडात सापडलेल्या पक्ष्यावर जखम दिसत नसली तरी त्याला काही तासांत प्रतिजैविक मिळायला हवे. मांजराच्या लाळेतले पाश्चुरेला जिवाणू सुईएवढ्या छिद्रातून रक्तात जातात आणि बाहेरून ठणठणीत दिसणारा पक्षी दगावतो. अशा पक्ष्याला ‘रात्रभर पाहू’ म्हणून घरी ठेवू नये.

पत्रकाच्या मागची कोरी बाजू मात्र वाया घालवू नका. तिच्यावर सापडल्याची नेमकी जागा, तारीख, वेळ, कशावर आपटला किंवा कोणी पकडला आणि आपण काय काय केले, हे लिहून कॅरियरला चिकटवा. बरा झालेला प्रौढ पक्षी शक्यतो तिथेच सोडतात, कारण त्याचा जोडीदार, त्याची हद्द आणि खाण्याच्या जागा तिथेच असतात. ‘रस्त्याच्या कडेला’ एवढेच लिहिलेले असेल तर केंद्राला ती जागा शोधता येत नाही.