पद्मिनी गरम होत होती आणि गॅरेजने हेड विकलं

कुडाळकडची एक प्रीमियर पद्मिनी. बाजारात कितीही वेळ चालू ठेवून उभी करा, काही होत नसे. हायवेला लागून साठ-सत्तरचा वेग धरला किंवा फोंडा घाट चढायला घेतला, की काटा लालात जायचा आणि बॉनेटखालून वाफ यायची. मालकाने गाडी हायवेलगतच्या एका गॅरेजात सोडली. परत मिळाली तेव्हा बिल चाळीस हजारांच्या पुढे गेलं होतं, गाडीचं मूळ हेड (इंजिनच्या ब्लॉकवरचं, सिलिंडर वरून बंद करणारं झाकण) ‘भंगारात टाकलं’ होतं आणि घाटात गाडी पूर्वीसारखीच उकळत होती. दोष निघाला रेडिएटरच्या खालच्या रबरी होज पाइपात आणि चोंदलेल्या रेडिएटरमध्ये.

बिलात काय काय होतं? हेड गॅसकेट सेट (ब्लॉक आणि हेडच्या मधलं, गॅस नि पाणी अडवणारं पातळ सील), हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), ‘हेडला क्रॅक’ म्हणून बसवलेलं दुसरं जुनं हेड, रेडिएटर रिकोअर, इलेक्ट्रिक फॅन, कूलंट आणि मजुरी. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता, त्याचा उल्लेखच नव्हता. यातली एकही गोष्ट चाचणी करून ठरवलेली नव्हती. जुन्या गाडीच्या मालकाचा गाडीवर जीव असतो, पार्ट सहज मिळत नाहीत हे त्याला माहीत असतं, आणि ‘हेड गेलं’ म्हटलं की तो घाबरतो. या धंद्याचं सगळं भांडवल तेवढंच.

खरं तर गाडी कधी गरम होते, यावरूनच निम्मं निदान होतं. उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि वेगात गेल्यावर काटा खाली येतो, तर हवेचा प्रश्न: फॅन बेल्ट सैल, फॅन उलटा बसवलेला, रेडिएटरच्या जाळीत चिखल नि पिसं, किंवा मागाहून बसवलेल्या एसीचा कंडेन्सर पुढे आडवा. उभी असताना ठीक आणि वेगात किंवा चढावर गरम, तर बहुतेक वेळा पाण्याच्या फिरण्यात अडथळा: रेडिएटरच्या नळ्या चोंदलेल्या, पंपाचे पाते झिजलेले, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, नाहीतर खालचा होज. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत पाणी बाहेर फेकत असेल, तर मात्र गॅसकेटचा संशय आधी घ्यावा. ही गाडी सरळसरळ दुसऱ्या प्रकारातली होती आणि मालकाने ते गाडी सोडतानाच सांगितलं होतं.

खालच्या होजचं काय होतं ते बघा. वॉटर पंप रेडिएटरच्या तळातून पाणी ओढतो, म्हणजे त्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. रबर तेलाने आणि उष्णतेने नरम झालं, आत आधाराला असलेली तारेची स्प्रिंग गंजून गेली, की इंजिनचा वेग वाढल्यावर पाइप आत खेचला जाऊन चपटा होतो आणि पाणी थांबतं. ॲक्सिलरेटर सोडला की तो परत गोल. त्यामुळे गॅरेजात बॉनेट उघडून बघणाऱ्याला तो नेहमी धडधाकटच दिसतो. तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन चांगलं गरम करा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणाला तरी वेग तीन हजार आरपीएमच्या आसपास धरायला सांगून पाइपाकडे बघत राहा. हात, बाही, गळ्यातला पंचा फॅनपासून लांब. पाइप आत बसताना डोळ्याला दिसतो. मात्र नुसता पाइप बदलून थांबू नये. रेडिएटर चोंदला असला की पंपाची ओढ वाढते आणि नवा पाइपही दबू शकतो. इथेही रेडिएटर चोंदलेलाच होता.

आता हेड कसं विकलं ते. मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण उघडून आतली पिवळट पांढरी साय मालकाला दाखवली आणि म्हणाला, ‘पाणी ऑइलात गेलंय, गॅसकेट संपलं.’ बाहेरून आलेल्या माणसाला हे पटतंच. पण कोकणातल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर झाकणाखाली अशी साय धडधाकट इंजिनातही येते. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ थंड पत्र्यावर बसते आणि ऑइलात मिसळते. खरी खूण डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर बघायची. तिथलं ऑइल स्वच्छ असेल, पातळी वाढलेली नसेल, तर त्या सायीवर हेड उघडायचं कारण नाही. चांगली लांब फेरी मारल्यावर ती साय बहुधा आपोआप जाते.

गॅसकेट गेलं की नाही, हे हेड न उघडता कळण्याचे मार्ग आहेत. थंड इंजिनाचा फॅन बेल्ट काढा, म्हणजे पंप फिरणार नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, कॅप उघडी ठेवा, इंजिन चालू करून अर्धा-पाऊण मिनिटच चालवा. पाण्यात सलग बुडबुडे आले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. बुडबुडे नाहीत तर हेडवर संशय घेण्याआधी बाकीचं सगळं तपासा. दुसरी चाचणी निळ्या रसायनाची: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, जळलेला वायू असला तर रंग पिवळा होतो. तिसरी कॉम्प्रेशनची: शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम कमी आणि बाकीचं नीट असेल, तर त्यांच्या मधली गॅसकेटची भिंत फुटलेली असण्याची शक्यता मोठी. स्पार्क प्लगही काढून बघा, पाणी जाणाऱ्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असतो. यातली एकही चाचणी न करता ‘अनुभवावरून सांगतो’ म्हणणाऱ्याला हेड उघडू देऊ नये.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसी, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर वाकतं, हे खरंच आहे, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. हेड वाकलंय असं म्हटलं की पोलादी सरळपट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि तिरकी ठेवायला लावा आणि खाली फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) सरकवून दाखवायला सांगा. 0.05 मिलिमीटरची पाती कुठेच आत जात नसेल तर हेड वाकलेलं नाही. 0.10 ची पाती सहज गेली तर फेस मारायला हरकत नाही. उगाच फेस मारलं की हेड पातळ होतं, कॉम्प्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळी खरंच गरज पडली तर काढायला धातू उरत नाही. क्रॅकचंही तसंच. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या जागेत तडा जातो, पण कार्बनची रेघ आणि तडा नुसत्या डोळ्याला सारखेच दिसतात. मशीन शॉपमध्ये लाल डाय लावून किंवा हेडची पाण्याची वाट बंद करून हवेचा दाब देऊन तडा सिद्ध होतो. त्या खर्चाच्या मानाने वापरलेलं दुसरं हेड कैक पटींनी महाग पडतं, आणि ते कुठल्या गाडीवरून आलं, किती वेळा फेस मारलेलं आहे, कुणालाच माहीत नसतं. इथल्या मालकाला ना डायची चाचणी दाखवली, ना जुनं हेड परत दिलं. पद्मिनीचं चांगलं हेड आज कुणी भंगारात टाकत नाही.

रेडिएटरची गोष्ट तर आणखी उघड होती. बिलात ‘रिकोअर’, म्हणजे आतली सगळी जाळी नवी. बाहेरून रेडिएटर काळा कुळकुळीत. कॅप काढून टॉर्च मारला तर वरच्या टाकीत नळ्यांच्या तोंडांवर तपकिरी खवले आणि त्यांत घट्ट बसलेल्या हळदीच्या पिवळ्या गुठळ्या. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी सवय कोकणात आजही आहे, घरी पोचेपर्यंत ती चालतेही, पण नंतर धुऊन काढली नाही तर बारीक नळ्या बुजतात. नव्या कोअरमध्ये जुनी हळद कशी असेल? कडेचं डाखही (सोल्डर) जुनंच, हिरवट, फक्त वरून रंग मारलेला. खरोखर कोअर बदलला असेल तर टाक्यांच्या कडेला ताजं, चकचकीत डाख दिसतं आणि जाळीचे पत्रे सरळ, एकसारखे असतात. रेडिएटर द्यायच्या आधी वजन करून ठेवा. टाकीवर कुठेतरी पंचने खूण करा, म्हणजे निदान तोच परत आला हे कळेल. पितळ-तांब्याला भंगारात चांगला भाव असतो आणि त्याच्या जागी पातळ ॲल्युमिनियमचा टेकवला जातो.

कोअर खरंच बदलायला हवा का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. इंजिन गरम करून जाळीवर वरून खाली आणि डावीउजवीकडे आकडे घ्या. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा बराच थंड असेल, तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. चकचकीत पितळेवर हे यंत्र चुकीचं, कमी तापमान दाखवतं. तिथे काळी टेप चिकटवून टेपवर मोजा. चोंदलेल्या रेडिएटरला अनेकदा रिकोअर लागतही नाही. रेडिएटरवाला वरची टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवतो, परत डाख देतो आणि काम होतं. ॲसिडची बादली मात्र सुट्या पितळी रेडिएटरपुरतीच. इंजिनात ॲसिड ओतणारा मेकॅनिक ॲल्युमिनियमचं हेड आतून खाऊन टाकतो.

थर्मोस्टॅट काढणं ही तर इथली प्रथाच झाली आहे. ‘आपल्याकडे थंडी कुठे असते?’ असं म्हणतात. त्याचा थंडीशी फारसा संबंध नाही. तो नसला की इंजिन उशिरा तापतं, झीज वाढते, ऑइलात पाणी साठतं, म्हणजे ती झाकणाखालची साय अजून वाढते. काही इंजिनांत बायपासची वाटही उघडी राहते आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत फिरतं. तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी तापवून दोरीला टांगून सोडा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला, तर उत्तम आहे.

इलेक्ट्रिक फॅन लावून मालकाला वाटलं, काहीतरी नवीन मिळालं. पण वेगात गरम होणाऱ्या गाडीला फॅनचा काय उपयोग? त्या वेगाला हवा आपोआपच येते. डायनॅमोच्या जुन्या गाडीवर आठ-दहा अँपियर खाणारा फॅन टाकला की रात्री दिव्यांसकट बॅटरी बसते, ते वेगळंच.

या गाडीत न बघितलेल्या, पण फुकटात बघता येणाऱ्या गोष्टी: सीबी पॉइंटची (डिस्ट्रिब्यूटरमधला, ठिणगीची वेळ ठरवणारा संपर्क) टाच झिजून फट कमी झाली की ठिणगीचं टायमिंग मागे पडतं आणि इंजिन तापतं. ब्रेक धरत असतील तर चारही ड्रम हाताला वेगवेगळे गरम लागतात. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर दहा-बारा मिलिमीटर दबावा. रेडिएटर कॅपचं रबर आणि स्प्रिंग बघा. साधारण एक पीएसआय (दाबाचं एकक) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाने वाढतो, म्हणून सात पीएसआयची कॅप गेली की दहा-अकरा अंशांचं संरक्षण गेलं. पण म्हणून नव्या गाडीची जास्त दाबाची कॅप लावू नये, जुनं डाख सुटतं.

पाण्याबद्दल थोडं. खाडीलगतच्या विहिरींचं नि बोअरचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. त्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतं. डिस्टिल्ड वॉटर आणि पितळ-तांब्याला चालणारं कूलंट निम्मं-निम्मं घ्या. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, कॅप उघडी ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन आयडलवर चालवा, हवा निघाली की वरून भरा. गरम इंजिनाची कॅप कधीच उघडू नका.

या पद्मिनीला स्प्रिंगसकट नवा खालचा होज, सळई मारलेला रेडिएटर आणि 82 अंशांचा थर्मोस्टॅट लागला. तेवढ्यावर ती फोंडा घाट न थांबता चढते. जुनं हेड मात्र गेलं ते गेलंच.

गाडी सोडताना जॉब कार्डवर दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा: ‘चाचणी दाखवून, फोनवर विचारल्याशिवाय हेड उघडायचं नाही’ आणि ‘काढलेले सगळे पार्ट परत’. हेड, रेडिएटर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर यांचे आणि त्यांवरच्या ओतीव आकड्यांचे फोटो आधीच काढून ठेवा. पक्कं बिल मागा. फसलाच असाल तर बिल, फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय घेऊन 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दावा करायचा तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही.