पाच तारांचं इलेक्ट्रिक व्हायोलिन आणि मोनो सिंथ, आठ महिन्यांनंतर

सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारं कीबोर्ड वाद्य) आधीपासून होता, अ‍ॅनालॉग, मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर. पाच तारांचं इलेक्ट्रिक व्हायोलिन आठ महिन्यांपूर्वी आलं. ब्रँड सांगत नाही, कारण माझ्या तक्रारी एका मॉडेलच्या नाहीत, या जातीच्याच आहेत.

पहिल्या आठवड्यात रडवलं. पिएझो पिकअप (तारांची कंपनं पकडून त्यांचा विजेचा सिग्नल करणारा भाग) सरळ लाइन इनपुटला लावला आणि पत्रा खरवडल्यासारखा असा काही आवाज आला की वाटलं गेले पैसे पाण्यात. मग कळलं पिएझोला समोर तगडा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) लागतो, 1 मेगओमच्या आसपास, नाहीतर खालचे सूर गायबच. मध्ये प्रीअँप (सिग्नल सुधारून पुढे देणारा डबा) लावला आणि तेच वाद्य माणसात आलं.

खरी गंमत मी आणि मित्र मिळून वाजवताना. आम्हाला वेड लागलं होतं महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचं, 1971 ते 73 ची पहिली फळी, जेरी गुडमनचं व्हायोलिन, यान हॅमरचा मिनीमूग (तोही मोनो सिंथच) आणि जॉन मॅक्लाफलिनची गिटार, तिघं एकच सरगम सुसाट पळवतात. हॅमर सूर वर-खाली सरकवणारं पिच व्हील असं वळवतो की गिटार कुठे संपली आणि मूग कुठे सुरू झाला कळत नाही. आम्ही पण तसंच करायला गेलो, मी व्हायोलिनवर आणि मित्र सिंथवर, सातच्या तालात, आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर मी प्रत्येक सुराला उशिरा! भांडण झालं, मेट्रोनोम लावला, मी तालातच होतो. झालं असं की सिंथचा सूर बोट पडताक्षणी येतो, व्हायोलिनच्या गजाला तार पकडायला किंचित वेळ लागतो. शेवटी सिंथच्या एन्व्हलपचा अटॅक (सूर पूर्ण उमटायला लागणारा वेळ) 20-30 मिलिसेकंद वाढवला आणि दोन्ही आवाज एकमेकांना चिकटले. सिंथ आपोआप सूर हलवतो ते एलएफओचं व्हायब्रेटो पण मित्राला बंद करायला लावलं, माझ्या बोटांचं वेगळं, त्याचं वेगळं, दोन्ही एकत्र म्हणजे कुणाला तरी थंडी वाजतेय असं वाटायचं.

ट्युनिंगचं उलटं. व्हायोलिनला पडदे नाहीत म्हणून चूक माझीच असणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं, पण बेसूर होत होता सिंथ, त्यातले सूर तयार करणारे ऑसिलेटर गरम होईपर्यंत सरकत राहतात. आता आल्या आल्या आधी सिंथ चालू करतो, वीसेक मिनिटं तसाच ठेवतो, मग त्याच्यावर तारा लावतो.

व्हायोलिनमधूनच सिंथ वाजवायचा मिडी कन्व्हर्टर (व्हायोलिनचा सूर ओळखून सिंथला तोच वाजवायला सांगणारा डबा) पण आणला होता. तो तीन आठवड्यांत कपाटात गेला. पाचवी तार म्हणजे खालचा सी हा सूर, साधारण 131 हर्ट्झ, म्हणजे एकच कंपन साडेसात मिलिसेकंदांचं, आणि त्या डब्याला सूर ओळखायला एकापेक्षा जास्त कंपनं लागतात, म्हणून सूर उशिरा येतो. त्यात गजाची खरखर पण तो सूर समजतो आणि मध्येच भुतासारखे भलतेच स्वर टाकतो. संथ पॅडसाठी (मागे लांबवत ठेवलेल्या स्वरांसाठी) चालेल, पळत्या सरगमला नाही.

ती सीची तार मात्र सोडवत नाही. बेस गिटारच्या खालच्या सुरांच्या अंगावर जाते हे खरंय, पण सोलो तिथून सुरू करून वर चढत गेलं की काय भरदार वाटतं!

गजाला लावतात त्या रोझिनची (राळेची) पावडर सिंथच्या पिच व्हीलच्या फटीत जाऊन बसलीये, व्हील वळवलं की करकरतं, मित्र रोज शिव्या घालतो. तो वाजवत नसेल तेव्हा आता त्यावर फडकं टाकून ठेवतो. आणि हनुवटी टेकवायचा चिनरेस्ट बदलायचाय, हे व्हायोलिन माझ्या जुन्या अकूस्टिकपेक्षा जड आहे, दोन तासांत मान धरते.