बुकफाइंडर: दुर्मिळ प्रत सापडेल, पण भाव तिथे ठरवू नका

छपाई थांबलेल्या पुस्तकाचा शोध बहुतेक वेळा बुकफाइंडरवरच सुरू होतो. १९९७ पासून चालू असलेलं हे शोधयंत्र स्वतः एकही पुस्तक विकत नाही. निरनिराळ्या विक्रेत्यांकडच्या प्रती एका यादीत मांडतं आणि खरेदीसाठी त्या त्या विक्रेत्याकडे पाठवतं. २००५ मध्ये जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन बाजाराने, एबबुक्सने, ते घेतलं आणि २००८ मध्ये एबबुक्सच ॲमेझॉनकडे गेलं. म्हणजे यादीत दुकानं वेगवेगळी दिसली तरी मालक एकच असू शकतो.

संग्राहकाला खरी गरज असते ती प्रती किती आहेत हे कळण्याची, आणि यादीची लांबी नेमकी इथे फसवते. एकच विक्रेता तीच प्रत तीन-चार बाजारांवर टाकतो. वर्णनातली वाक्यं ताडून पाहा: ‘कण्याच्या टोकाला किंचित झीज, पहिल्या पानावर शाईने नाव’ हे शब्द दोनदा आले की प्रत एकच. शिवाय काही जण हातात नसलेलं पुस्तकही यादीत टाकतात आणि मागणी आली की दुसऱ्याकडून उचलून पाठवतात. वर्णन गुळगुळीत, कोणत्याही पुस्तकाला चालेल असं असेल आणि फोटो नसेल, तर ती नोंद मोजूच नका. अशी चाळणी लावली की वीस नोंदींच्या पाच-सहा प्रती उरणं नवलाचं नाही.

शोध कसा टाकता यावर निम्मं काम अवलंबून आहे. लेखकाचं फक्त आडनाव आणि शीर्षकातला एखादाच वेगळा शब्द द्या. पूर्ण शीर्षक टाकलं की विक्रेत्याच्या टंकनचुकीमुळे चांगली प्रत हुकते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, १९७० च्या सुमारास रूढ झाला, त्याआधीच्या पुस्तकांना तो नाहीच. त्यानंतरच्या पुस्तकांतही पुठ्ठा बांधणीचा क्रमांक वेगळा, कागदी बांधणीचा वेगळा, आणि पुनर्मुद्रणांवर मात्र बहुधा तोच क्रमांक. त्यामुळे क्रमांकाने शोधून पहिलं मुद्रण हाती लागेलच असं नाही. ‘पहिली आवृत्ती’ची खूण लावून एकदा आणि न लावता, प्रकाशनाचं वर्ष देऊन, दुसऱ्यांदा शोधा. ती खूण विक्रेत्याने भरलेली असते. जाणकार विक्रेताही कधी भरायची विसरतो आणि अजाण विक्रेता कशालाही लावतो.

संकलनात दडलेलं पुस्तक तर शीर्षकाने सापडतच नाही. स्टीफन किंगची ‘रेज’ ही कादंबरी १९७७ मध्ये रिचर्ड बाखमन या टोपणनावाने आली. पुढे शाळांमधल्या गोळीबारांशी तिचं नाव जोडलं गेल्यावर किंगनेच तिची छपाई थांबू दिली. पण ती १९८५ च्या ‘द बाखमन बुक्स’ या संग्रहातही होती. त्याच्या जुन्या प्रती बाजारात येतात, मात्र ‘रेज’ टाकून शोधणाऱ्याला त्या दिसणं कठीण. संग्रहाच्या नावाने शोधायचं आणि अनुक्रमणिकेचा फोटो मागायचा, कारण नंतरच्या आवृत्त्यांतून ती वगळली आहे.

मागणी आणि दुर्मिळता एक नव्हे, हे बुकफाइंडरनेच दाखवून दिलं होतं. अमेरिकेत सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या, छपाईत नसलेल्या पुस्तकांची वार्षिक यादी ते काढत असे आणि त्यात मॅडोनाचं १९९२ चं ‘सेक्स’ वारंवार वर असायचं. ते लाखांनी खपलेलं पुस्तक! पण ॲल्युमिनियमचं मुखपृष्ठ, स्पायरल बांधणी आणि वर मायलर या प्लास्टिकचं बंद पाकीट. पाकीट फाडल्याशिवाय वाचता येत नाही आणि फाडलं की संग्राहकाचा रस उतरतो. तुटवडा आहे तो न उघडलेल्या प्रतींचा. २०२२ मध्ये ते पुन्हा छापलं, तेही फक्त ८०० प्रती.

आता भाव. यादीत दिसतो तो मागितलेला भाव, मिळालेला नव्हे. २०११ मध्ये ॲमेझॉनवर माशीच्या वाढीवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत दोन कोटी डॉलरच्या वर गेली होती. एका विक्रेत्याचा संगणक दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट लावायचा आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या १.२७०५८९ पट. ग्राहक कुणीच नव्हता. इतकं टोक विरळा, पण शेवटच्या दोन-तीन प्रतींवरचे आकडे अनेकदा याच जातीचे असतात. ईबेवर विकल्या गेलेल्या नोंदी पाहा, लिलावांचे निकाल पाहा आणि वर्ल्डकॅट या ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीवर किती ग्रंथालयांत प्रती आहेत ते तपासा. शेकडो ग्रंथालयांत असलेल्या पुस्तकाला कुणी ‘अतिदुर्मिळ’ म्हटलं तर हसून पुढे जावं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून कॉपीराइट पान, जॅकेटच्या (वरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या) दोन्ही घड्या, कणा आणि मागच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा यांचे फोटो मागवा. कॉपीराइट पानावरच्या आकड्यांच्या ओळीत सर्वांत लहान आकडा मुद्रण सांगतो, १ असेल तर पहिलं. पण रँडम हाउसच्या अनेक जुन्या पुस्तकांत ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द आणि २ पासून सुरू होणारी ओळ असली तरी ते पहिलंच मुद्रण असतं. अमेरिकी पुस्तकांच्या जॅकेटवर किंमत छापलेलीच नसेल आणि मागच्या पुठ्ठ्यावर बारीक दाबलेला ठिपका किंवा चौकोन असेल, तर ती बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली, प्रत समजा. घडीचा कोपरा कापलेला असेल तर किंमत होती की नव्हती हेच कळत नाही, म्हणून पुठ्ठ्यावरची खूण अधिक बारकाईने पाहायची. वर्णनातल्या ‘गुड’ शब्दावर भाळू नका; या धंद्यात त्याचा अर्थ वापरून जुनी झालेली, पण पानं पूर्ण असलेली प्रत. ‘फाइन’ आणि ‘व्हेरी गुड’ त्याच्या वर येतात. दोन श्रेणींमध्ये तिरकी रेघ असेल तर पहिली पुस्तकाची, दुसरी जॅकेटची.

१९७० नंतरचं इंग्रजी पुस्तक हवं असेल तर बुकफाइंडर पुरेसं आहे, आणि झटपटही. त्याहून जुन्या पुस्तकांसाठी व्हायालिब्री हे दुसरं शोधयंत्र उजवं: जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांकडचा साठा तिथे नीट चाळता येतो आणि हव्या असलेल्या पुस्तकाचा शोध जपून ठेवता येतो. एबबुक्सवर थेट गेलात तर मागणीनुसार छापलेल्या प्रती वगळण्याची चाळणी लावा, नाहीतर शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाच्या शोधात मागच्या महिन्यात स्कॅनवरून छापलेल्या प्रतीच पानभर दिसतील.