ईझीटच जीसीयू: साखर आणि यूरिक ॲसिड एकाच मीटरवर, पण कोणासाठी?

शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तातले इन्सुलिन वाढते आणि त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे यूरिक ॲसिड रोखून धरतात. म्हणूनच टाइप २ मधुमेह आणि गाऊट (यूरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा सांधेदुखीचा आजार) पुष्कळदा एकाच घरात, एकाच माणसात सापडतात. रक्तातली साखर आणि यूरिक ॲसिड असे दोन्ही आकडे घरी दाखवणारे ईझीटच जीसीयू हे मीटर अशांच्या कामाचे वाटते. ते कामाचे आहेही, पण फक्त गाऊटचे निदान आधीच झालेल्या आणि ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट या यूरिक ॲसिड उतरवणाऱ्या गोळ्यांचा डोस ठरवणे चालू असलेल्या मधुमेहींसाठी.

साखरेला ०.८ मायक्रोलिटर रक्त पुरते आणि ६ सेकंदांत आकडा येतो. यूरिक ॲसिडला ४ मायक्रोलिटर रक्त आणि २० सेकंद लागतात. गडबड होते ती इथेच. साखरेच्या सवयीने बारीक टोचले की थेंब अपुरा पडतो, मग बोट पिळले जाते, पेशींच्या भोवतीचे पाणी रक्तात मिसळते आणि आकडा बिघडतो. कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा, हात अर्धा मिनिट खाली लोंबू द्या, लॅन्सेट (टोचायची सुई) एक-दोन घर खोल लावा. पहिला थेंब पुसून टपोरा दुसरा थेंब पट्टीच्या कडेला लावा. रक्त कमी पडले तर त्याच पट्टीवर पुन्हा थेंब टाकू नका, नवीन पट्टी घ्या.

पट्टीच्या डबीसोबत येणारी कोड-की (मीटरमध्ये घालायची छोटी चिप) बदलायला विसरू नका. पडद्यावरचा कोड डबीवरच्या कोडशी जुळलाच पाहिजे.

यूरिक ॲसिड दर डेसिलिटरला ३ ते २० मिलिग्रॅमच्या दरम्यानच मोजले जाते. औषधाने ते ३ च्या खाली गेले की नुसते ‘लो’ दिसते. रक्तक्षय असेल तर या आकड्यावर विसंबू नये, आणि मूत्रपिंडे दुबळी झालेल्या मधुमेहींमध्ये रक्तक्षय नेहमीचाच. सुरुवातीला शिरेतले रक्त लॅबला देताच लगेच मीटरवरही मोजून दोन्हींतला फरक वहीत लिहा. पुढे एकेका आकड्यापेक्षा त्याचा कल पाहा. गाऊटवर औषध चालू असताना लक्ष्य ६ च्या खाली असते, पण मीटरचा ५.८ आणि ६.३ यांत फरक मानू नका.

औषधांचीही नोंद ठेवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे यूरिक ॲसिड उतरवतात; रक्तदाबाच्या औषधांपैकी लोसार्टनही थोडे उतरवते, हायड्रोक्लोरोथायझाइड चढवते. साखर फार वाढून लघवीतून जात असेल तर तिच्यासोबत यूरिक ॲसिडही निघून जाते. मग साखर आटोक्यात आल्यावर ते वर सरकलेले दिसू शकते. तो दोष गाऊटच्या गोळीवर टाकून गोळी बंद करू नका.

खर्चाचा हिशेब मात्र जमत नाही. यूरिक ॲसिडच्या डबीत २५ पट्ट्या असतात आणि डबी उघडल्यापासूनची मुदत छापील एक्स्पायरीपेक्षा छोटी असते. दोन आठवड्यांतून एकदा तपासणाऱ्याच्या बऱ्याच पट्ट्या वाया जातात. कोकणातल्या पावसाळ्यात झाकण सैल राहिले तर दमटपणाने आणखी लवकर. डोस स्थिर झाला की लॅबमध्ये एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) यांच्यासोबत यूरिक ॲसिड करणे स्वस्त आणि जास्त अचूक. या मीटरवर कोलेस्टेरॉलही मोजता येते, पण ती सोय जमेत धरू नका: १५ मायक्रोलिटर रक्त, १५० सेकंद, आणि मिळते फक्त एकूण कोलेस्टेरॉल. मधुमेहींना हवे असते ते एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल.

त्रास काहीच नाही, केवळ तपासणीत यूरिक ॲसिड ७.५ आले, तर हे मीटर घेऊ नका. अशा बहुतेकांना औषध लागत नाही; वजन, गोड पेये आणि बिअर यांवर काम करा.

पायाचा अंगठा सुजून लाल झाल्यावर ‘गाऊट आहे का’ हे ठरवायला तर ते मुळीच वापरू नका. गाऊटच्या ऐन झटक्यात यूरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकते. खरा आकडा झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी कळतो. त्या दिवसांत स्टिरॉइड दिले गेले तर याच मीटरवर साखर दिवसातून तीन-चार वेळा पाहा, कारण ती झपाट्याने चढते. आणि सुजेसोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. मधुमेहात त्याचा धोका जास्त, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.