पाठ आठव्या महिन्यात फळवावी की दीड वर्ष थांबावं?

दुधाळ जातीची पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, सात-आठ महिन्यांची झाली, माज नीट दाखवतेय. आत्ता फळवली, म्हणजे बोकड दाखवला, तर गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, म्हणजे वर्षाच्या आसपास ती दुधात येते. दीड वर्षापर्यंत थांबलात तर पहिलं वेत दोन वर्षांची होताना.

फरक नुसता दुधाच्या महिन्यांचा नाही. लवकर फळवलेल्या पाठीच्या खुराकावर तीन वाटेकरी असतात: तिची वाढ, पोटातलं करडू आणि पुढे कास. शरीर झुकतं माप देतं ते करडाला आणि दुधाला. हाडामांसाची वाढ मागे पडते.

पहिले तीन महिने ही ओढाताण फारशी जाणवत नाही. करडाचं बहुतेक वजन शेवटच्या दीड-दोन महिन्यांत भरतं. जुळी असली तर गर्भाशय इतकी जागा अडवतं की गरज वाढलेली असताना चारा मात्र कमी मावतो. या काळात वजनकाट्यावर जाऊ नका. आकडा चढतो, पण तो करडांचा आणि गर्भजलाचा. कमरेवरून हात फिरवा. मणके टोकदार लागत असतील तर आई झिजतेय.

खरी कसोटी व्यायल्यावर लागते, आणि तीच बरेच जण हिशेबात धरत नाहीत. दूध चार ते आठ आठवड्यांत शिखराला पोचतं, खाणं त्याच्या मागून वाढतं. मधली तूट प्रौढ शेळी अंगावरची चरबी मोडून भरून काढते. वर्षाच्या शेळीकडे ती गंगाजळी तुटपुंजी, त्यात अंग अजून वाढायचं असतं. म्हणून पहिल्या वेताचं दूध बेताचंच निघतं.

थांबणंही फुकट नाही. महिनोन् महिने बिनदुधाचा खुराक घालायचा, आणि तो सढळ घातला तर पाठ लठ्ठ होते. चरबी चढलेली शेळी गाभ राहायला आणि व्यायला दोन्हीकडे त्रास देते. दिवस लहान होऊ लागले की माजावर येणाऱ्या जातींत हंगाम हुकला तर पुढचा जवळपास वर्षाने.

माझा कौल वयाला नाही, वजनाला. प्रौढ वजनाच्या 60 ते 70 टक्के भरली असेल तर फळवा. जातीच्या प्रौढ शेळ्या 50 किलोच्या असतील तर साधारण 30-35 किलो. पण पहिलं वेत पूर्ण होईपर्यंत चांगला खुराक देता येणार असेल तरच. पुढच्या वेताआधी दोन महिने दूध आटवायचं, आणि शेळी अंगाने भरली नसेल तर त्याहून आधी. चाऱ्याची खात्री नसेल तर सरळ थांबा.

थांबायचं ठरलं तर नर करडं तीन महिन्यांची होताच वेगळी बांधा. चौथ्या महिन्यात तीही पाठी गाभण करू शकतात.