बूट पुण्यात घ्यायचे, पण मोजे घरचे न्यायचे

कराडात पळायचे बूट मिळत नाहीत असं नाही. मिळतात, फक्त "पळायला चालतील ना?" विचारलं की "पळायला, फिरायला, लग्नाला, कुठंही चालतील" असं उत्तर येतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. यवतेश्वरचा घाट चढायचा, उतरायचा, एकूण २१ किलोमीटर, तेही पाऊस पुरता सरलेला नसताना. म्हणून मेडिकल एक दिवस बंद ठेवून पुणं गाठलं. माझं औषधांचं दुकान आहे. वर्षानुवर्षं काउंटरमागं उभं राहून पाय चवड्याशी चांगले पसरलेत, आणि बायकांचे बूट बनवणाऱ्यांना असे पाय असतात हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

जिथं जमलं नाही ते आधी उरकते. मध्यवस्तीतलं एक जुनं दुकान, नाव घेत नाही. मालकांनी खुर्चीवरूनच नंबर विचारला. पाच म्हटल्यावर पाचाचा एक डबा समोर आला आणि त्यातला एकच बूट बाहेर. "दुसरा तसाच आहे." बूट तसाच असेल हो, पाय नसतो. माझा उजवा डाव्यापेक्षा जरा लांब आहे, बहुतेकांचं असंच काहीतरी असतं, आणि माप मोठ्या पायाचं धरायचं असतं. दोन पावलं चालून बघू का विचारलं तर सोल मळेल म्हणाले. नमस्कार केला आणि निघाले.

भाचा म्हणाला, "मावशी, तू सरळ विमाननगरला ये." स्वारगेटला मेट्रोत बसायचं, न्यायालयाच्या स्टेशनला गाडी बदलायची, रामवाडीला उतरून रिक्षा करायची. गाडी बदलताना भुयारातून वर यायला सरकत्या जिन्यामागून सरकते जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये, चढावं लागत नाही. आणि मुद्दाम दुपार टळल्यावर पोचा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, पळतानाही सुजतात, त्यामुळं सकाळी मापात बसलेला बूट घाटात बोटांना चावतो.

फिनिक्स मार्केटसिटीत ब्रँडची दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्या एकात पंचविशीचा एक मुलगा भेटला. सुरुवात त्यानंही कार्बन प्लेटवाल्या, म्हणजे सोलमध्ये कडक पट्टी घातलेल्या शर्यतीच्या बुटानंच केली, किंमत वीस हजारांच्या घरात. मी म्हटलं, "बाळा, मला पहिला नंबर नको आहे, गुडघे घेऊन घरी परत यायचंय." तो हसला आणि मग मात्र कामाला लागला. जुने बूट आणलेत का विचारलं. पिशवीत होतेच. त्यानं ते उलटे करून झिजलेला सोल पाहिला, बोटांनी टाचेचा फोम दाबला आणि म्हणाला, "काकू, हा मेलाय." लोखंडी मापपट्टीवर दोन्ही पाय ठेवायला लावले, उभं करून. बसून माप घेतलं तर पाय लहान भरतो, वजन पडलं की तो पसरतो.

बायकांचा सहा नंबर लांबीला बसला, पण करंगळी बाहेरून दाबत होती. तेव्हा त्यानं जे केलं त्यासाठी त्या दुकानाला माझे पूर्ण गुण: आत जाऊन पुरुषांचा तोच बूट आणला. पुरुषांच्या बुटाची नेहमीची रुंदी म्हणजे बायकांच्या बुटातली 'वाइड', आणि ती बायकांच्या विभागात हुडकून सापडत नाही. घातला आणि करंगळी सुटली. अंगठ्यापुढं आडवं बोट मावेल एवढी जागा राहिली. रंग करडा आहे, गुलाबी-जांभळ्याच्या तडाख्यातूनही सुटले.

टाच मात्र आत किंचित उचलली जात होती. पुरुषांचा बूट घेतला की हा त्रास होतो. मुलगा खाली बसला आणि लेस सोडली. बुटाच्या अगदी वरच्या टोकाला एक जादा भोक असतं. इतकी वर्षं मी ते हवेसाठी असेल समजून सोडून देत होते. त्याच बाजूच्या त्या भोकातून त्यानं लेस आत घातली, तिचा छोटा फासा ठेवला, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी लेस उजव्या फाशातून, उजवी डाव्या फाशातून, आणि दोन्ही टोकं खाली ओढून गाठ. टाच जागेवर बसली. वरून जीभ काचत नव्हती, चवड्याशी लेस सैलच होती. उतारावर बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात, त्यावर हा फुकटचा इलाज. मग दुकानात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पळायला लावलं. लोक बघत होते, बघू देत.

एकाच ठिकाणी आमचं जमलं नाही. पावसात पळणार म्हटल्यावर त्यानं वॉटरप्रूफ बूट पुढं केला. घाटातला पाऊस पायावर नाही पडत, पिंडरीवरून ओघळत घोट्यातून बुटात उतरतो. आत आलेलं पाणी वॉटरप्रूफमधून जाणार कुठं? साधी जाळीच बरी, पाणी येतं तसं जातं. त्यापेक्षा सोलच्या रबराची पकड बघा, ओल्या डांबरावर तीच वाचवते.

भाव कमी झाला नाही. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या बुटांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्यांना १८, आणि माझा बूट त्या रेषेच्या बराच वर होता. गेल्या वर्षीचं मॉडेल असल्यानं थोडी सूट मिळाली. नवं मॉडेल आलं म्हणून जुन्याचा फोम बिघडत नाही, जुनंच मागा.

कपडे आणि बाकी सटरफटर मात्र मॉलमध्ये घेऊ नका. नगर रस्त्यानं पुढं वाघोलीला डेकॅथलॉन हे खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तिथवर पोचणं हाच एक व्यायाम, संध्याकाळी तर रिक्षा मुंगीच्या पावलानं जाते. पण आत गेल्यावर कुणी मागं लागत नाही. सगळं हाताशी, किमती लिहिलेल्या. माझ्या वयाच्या बायकांना सांगते, स्पोर्ट्स ब्रा तिथं घालून, ट्रायल रूममध्ये चार उड्या मारून घ्या. आपल्याकडं ती काउंटरवरच्या काकांना पुटपुटत मागावी लागते आणि कागदात गुंडाळून मिळते. मोजे पॉलिस्टरचे घेतले. सुती मोजा घाम धरून बसतो आणि ओल्या कातडीला फोड येतात. मोबाइलचा पट्टा घेतला, तो धावताना वर सरकतो, पाचात दोन गुण. बिलाला सगळं एका खोक्यात टाकलं की यंत्र आपोआप मोजतं. ते मी खाली वाकून दोनदा बघितलं.

तिथल्या इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या तशाच ठेवून आले. माझ्याच दुकानात ओआरएसची पुडी आहे: २०.५ ग्रॅम, एक लिटर पाणी, त्यात मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम, सायट्रेट, जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात. नावात ओआरएस लिहून गोड सरबत विकायला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, तोवर गिऱ्हाइकं तीच खोकी मागायची आणि मी पुडी पुढं करायचे. मांड्या घासू नयेत म्हणून 'रनर्स बाम'सुद्धा दिसला. पेट्रोलियम जेली लावा, चालतं.

तर जाताना जुने बूट आणि ज्या मोज्यांत पळता ते मोजे पिशवीत टाका. दुकानातला पातळ मोजा घालून घेतलेला बूट घरी आल्यावर अर्ध्या नंबरानं लहान होतो. बिल जपा आणि बदलून देण्याची अट तिथंच विचारा. मला म्हणाले, सोलला माती लागली नसेल तर. म्हणून पहिले काही दिवस घरातच पळतेय, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा वर येऊन चौकशी केली.